वंध्यत्वाच्या उपचारांत सिगारेट सोडवणे कोणाचे काम?

वंध्यत्वावरील उपचारांसाठी पहिल्यांदा येणाऱ्या जोडप्याच्या हातात एक लांबलचक अर्ज दिला जातो. पाळी किती दिवसांनी येते, पूर्वी गर्भपात झाला आहे का, थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, अशा प्रश्नांच्या गर्दीत ‘धूम्रपान’ हा एक शब्द आणि त्यापुढे ‘होय’ व ‘नाही’ अशा दोन चौकटी असतात. बहुतेक वेळा हा अर्ज नवऱ्याशेजारी बसूनच भरला जातो. कधी कधी तर तोच दोघांचा अर्ज भरतो. ‘नाही’वर खूण झाली की विषय संपला. ‘होय’वर झाली तर डॉक्टर ‘सोडून द्या’ असे सांगतात, रक्ततपासण्यांची यादी पुढे करतात आणि विषय तेव्हाही संपतोच. स्त्रीचे वय बदलता येत नाही आणि तिच्या बीजांडांचा साठा वाढवता येत नाही. गर्भधारणेच्या शक्यतेवर ठळक परिणाम करणाऱ्या आणि माणसाच्या हातात असलेल्या ज्या मोजक्या गोष्टी उरतात, त्यांत धूम्रपान फार वरच्या क्रमांकावर आहे. तरीही औषधांच्या मात्रा ठरवण्यात जेवढा विचार खर्ची पडतो, त्याच्या मानाने या बाबीच्या वाट्याला फारच थोडा येतो.

हे दुर्लक्ष दोन प्रकारांनी होते. काही ठिकाणी धूम्रपान ही रुग्णाची खासगी सवय मानून सोडून दिले जाते, तर काही ठिकाणी ‘आधी सोडा, मग या’ अशी अट घालून ते दाराबाहेर ठेवले जाते. वरकरणी ही दोन टोके आहेत, परंतु सिगारेट सोडणे हे त्या बाईने स्वतःच्या बळावर, दवाखान्याबाहेर उरकायचे काम आहे, या समजुतीवर दोघांचेही एकमत आहे. मला ही समजूत चुकीची वाटते. धूम्रपान सोडवणे हा वंध्यत्वाच्या उपचारांचाच भाग आहे, तो त्याच छताखाली आणि दोघांसाठीही व्हायला हवा, आणि मुख्य म्हणजे मूल झाले किंवा न झाले तरी त्या स्त्रीच्या स्वतःच्या आरोग्यासाठी व्हायला हवा.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ गर्भनिरोधनाविना नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी याला सामोरे जावे लागते. धूम्रपानामुळे स्त्रियांची प्रजननक्षमता घटते आणि हा संबंध निव्वळ योगायोगाचा नसून कार्यकारणाचा आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने २००४ मध्येच काढला होता.

धूर नेमके काय करतो, हे जरा जवळून पाहायला हवे, कारण ‘सिगारेट वाईट असते’ या सर्वांना पाठ असलेल्या वाक्याने कोणाचेच काही बदलत नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत साधारण १० ते २० लाख बीजांडे असतात. पाळी सुरू होईपर्यंत ती ३ ते ४ लाखांवर येतात आणि पुढच्या सगळ्या आयुष्यात त्यांतली जेमतेम चारशे-पाचशे पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. या साठ्यात नवी भर पडत नाही. तंबाखूच्या धुरातील पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन या गटातील रसायने बीजांडातील एका विशिष्ट ग्राहीला (रसायनांचे संकेत टिपणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतात आणि पेशीला स्वतःचा अंत करायला लावणारे जनुक जागे करतात, असे उंदरांवरील संशोधनात २००१ मध्ये दिसून आले. म्हणजे जो साठा वयानुसार हळूहळू कमी व्हायचा, तो अधिक वेगाने कमी होऊ लागतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा १ ते ४ वर्षे आधी येते, हे निरीक्षण अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. पंचविशीतल्या मुलीला रजोनिवृत्तीची चार वर्षे क्षुल्लक वाटतील. पण गर्भधारणेची क्षमता रजोनिवृत्तीच्या कितीतरी वर्षे आधीच ओसरू लागते. त्यामुळे शेवट अलीकडे सरकला की त्याआधीचा हा उतारही अलीकडे सरकतो, आणि तिशीच्या उत्तरार्धात पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढणाऱ्या स्त्रीसाठी ही वर्षे फार मोलाची असतात.

आयव्हीएफच्या, म्हणजे बीजांड आणि शुक्राणूंचे मीलन प्रयोगशाळेत घडवण्याच्या, उपचारात बीजांडे काढून घेताना सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत एक लांब सुई बीजपुटकात, म्हणजे बीजांड ज्यात वाढते त्या द्रवाने भरलेल्या पिशवीत, नेली जाते आणि आतला द्रव ओढून घेतला जातो. तो पिवळसर, कधी रक्ताने लालसर झालेला द्रव परीक्षानळीत जमा होतो, शरीराच्या तापमानाइतका उबदार ठेवून लगेच शेजारच्या प्रयोगशाळेत पोहोचवला जातो, आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून बीजांड शोधून वेगळे केले जाते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या या द्रवात निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनीन सापडते. कर्करोगकारक म्हणून ओळखले जाणारे बेंझोपायरीनही सापडते. बीजांड आपल्या वाढीचा शेवटचा टप्पा ज्या द्रवात पूर्ण करते, त्यातच हे सारे विरघळलेले असते. स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या, पण दुसऱ्याच्या धुरात वावरणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही या द्रवात कोटिनीन आढळले आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

बीजवाहिनीच्या आतल्या केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या हालचालीवर बीजांडाचा आणि गर्भाचा गर्भाशयापर्यंतचा प्रवास अवलंबून असतो. धुरामुळे ती हालचाल बिघडते, आणि गर्भ वाहिनीतच रुजण्याचा धोका वाढतो. सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने धूम्रपान आणि गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा यांचा कार्यकारणसंबंध मान्य केला. गर्भाशयाच्या अस्तराबद्दल बरीच वर्षे शंका होती, कारण बीजांडाचा दोष कुठे संपतो आणि अस्तराचा कुठे सुरू होतो, हे वेगळे काढणे अवघड असते. स्पेनमधील संशोधकांनी २००७ मध्ये ज्या स्त्रियांना दुसऱ्या स्त्रीने दान केलेली बीजांडे मिळाली होती, अशांचाच अभ्यास केला. तेव्हा दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत गर्भधारणेचे प्रमाण लक्षणीय कमी निघाले. बीजांड दुसरीचे असूनही फरक उरला, म्हणजे अस्तरालाही झळ पोहोचते, असा त्याचा अर्थ.

‘हे सगळे नैसर्गिक गर्भधारणेबद्दल ठीक आहे, आयव्हीएफ या अडचणी ओलांडून जाईल’ अशी आशा अनेक जोडप्यांना असते. ती खरी ठरत नाही. २००९ मध्ये २१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना प्रत्येक उपचारचक्रात जिवंत बाळ होण्याचे शक्यता-गुणोत्तर न करणाऱ्यांच्या तुलनेत ०.५४ इतके (एकापेक्षा कमी म्हणजे शक्यता कमी) भरले आणि गर्भपाताचे प्रमाण वाढलेले दिसले. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना गर्भधारणेसाठी जवळजवळ दुप्पट आयव्हीएफ चक्रे लागतात, असे अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या तज्ज्ञसंस्थेच्या समितीने नमूद केले आहे. एका चक्रात शरीराची, मनाची आणि पैशांची जी झीज होते ती ज्यांनी सोसली आहे, त्यांना ‘दुप्पट’ या शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

हे आकडे वाचताना मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. धूम्रपान करणाऱ्या आणि न करणाऱ्या स्त्रियांमध्ये इतरही फरक असू शकतात. मद्यपान, वजन, कामाचे स्वरूप, आर्थिक परिस्थिती. चिठ्ठ्या टाकून निम्म्या स्त्रियांना सिगारेट ओढायला लावणारा प्रयोग कोणीही करू शकत नाही आणि करू नये. म्हणून इथला पुरावा निरीक्षणांचा आहे. तो एकाच दिशेने बोट दाखवतो, सिगारेटींची संख्या वाढली की परिणामही वाढतो, आणि त्यामागची जैविक प्रक्रियाही उलगडलेली आहे, या तीन गोष्टींमुळे तो भक्कम ठरतो. परंतु तो समूहाबद्दल बोलतो. समोर बसलेल्या एका विशिष्ट बाईला ‘तुझ्या सिगारेटमुळेच तुला मूल होत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. त्याच अमेरिकी संस्थेचा अंदाज असा की वंध्यत्वाच्या एकूण प्रकरणांपैकी जास्तीत जास्त १३ टक्के प्रकरणे धूम्रपानाच्या खात्यावर टाकता येतील. हा आकडा मोठाच आहे, पण उरलेल्या ८७ टक्क्यांची कारणे वेगळी आहेत, हेही तोच आकडा सांगतो. शिवाय बीजांडांचा साठा आईच्या पोटात असतानाच ठरू लागतो आणि गर्भवती आईच्या धूम्रपानाने गर्भाच्या बीजकोशांतील जननपेशी कमी होतात, असेही संशोधनात दिसले आहे. तेव्हा आज चाळीशीकडे झुकलेल्या स्त्रीच्या साठ्याचा हिशेब तिच्या एकटीच्या नावावर मांडणे शास्त्रालाही धरून नाही.

हा मुद्दा केवळ सौजन्याचा नाही. मूल होत नसलेल्या स्त्रीवर आधीच दोषारोपांचे ओझे असते. तिने उशीर केला, तिने करिअर केले, तिने आराम केला नाही, तिने जास्त विचार केला. त्यात सिगारेटची भर पडली की ती दोनच गोष्टी करू शकते: लपवणे किंवा उपचार सोडणे. अर्जावरची ‘नाही’ची चौकट किती वेळा अशा भीतीपोटी भरली जात असेल, याचा अंदाज प्रत्येक अनुभवी परिचारिकेला असतो. आणि जे लपवले जाते त्यावर उपचार होत नाहीत. दोष देऊ नये म्हणून गप्प बसणाऱ्या डॉक्टरांची अडचण मला समजते, पण त्या गप्प बसण्यामुळे रुग्णाला तिच्या हक्काची माहिती नाकारली जाते. बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्ततपासणी करून, तिचा आकडा सांगून, तो घटवणाऱ्या एका कारणाबद्दल अवाक्षरही न काढणे याला नाजूकपणा म्हणता येणार नाही.

आता या सर्वांत कमी बोलल्या जाणाऱ्या भागाकडे येतो. वंध्यत्वाच्या उपचारांत स्त्रीच्या शरीराकडे बहुतेक वेळा होऊ घातलेल्या बाळाच्या मार्गाने पाहिले जाते. सिगारेट सोडायची ती बीजांडांसाठी, अस्तरासाठी, वारेसाठी, बाळाच्या वजनासाठी. ही कारणे खरी आहेत. गर्भारपणातील धूम्रपानामुळे वार खाली सरकणे किंवा वेळेआधी सुटणे, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होणे, मृत जन्माला येणे, हे सगळे धोके वाढतात. जुळी-तिळी असतील तर आधीच नाजूक असलेली परिस्थिती आणखी बिकट होते. उपचारांदरम्यानही तिच्या स्वतःच्या जिवाशी संबंधित गोष्टी असतातच. बीजकोशांना उत्तेजित करणाऱ्या औषधांनी इस्ट्रोजेनची पातळी बरीच वाढते. बीजकोश प्रमाणाबाहेर उत्तेजित झाले तर रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते आणि धूम्रपानाने ती भीती वाढण्यासारखीच असते. बीजांडे काढताना दिल्या जाणाऱ्या भुलीत धूम्रपान करणाऱ्यांना श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते.

पण या सर्वांपलीकडची एक गोष्ट अशी की, या दवाखान्यांत येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया तिशीच्या आसपास किंवा तिशी ते चाळिशीच्या दरम्यानच्या असतात. ब्रिटनमधील ‘मिलियन वुमन स्टडी’ या प्रचंड अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य निदान दहा वर्षांनी कमी होते, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात असेही दिसले की चाळिशीच्या आत ज्या स्त्रियांनी सिगारेट सोडली, त्यांच्या बाबतीत धूम्रपान चालू ठेवल्याने ओढवणारा अकाली मृत्यूचा जादा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक टळला. तिशीच्या आत सोडणाऱ्यांत तो सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक टळला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या विश्लेषणात असे निघाले की धूम्रपानामुळे हृदयविकाराचा जो सापेक्ष धोका वाढतो, तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत २५ टक्क्यांनी अधिक असतो. लवकर येणाऱ्या रजोनिवृत्तीमुळे हाडे ठिसूळ होण्याची प्रक्रियाही आधीच सुरू होते. म्हणजे ज्या वयात सिगारेट सोडल्याचा फायदा आयुष्यात सर्वाधिक पदरात पडतो, नेमक्या त्याच वयात ही स्त्री डॉक्टरांसमोर महिन्यातून अनेकदा येऊन बसते. एरवी निरोगी असलेली तिशीतली बाई इतक्या नियमितपणे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे जाते? अशी संधी वैद्यकाला क्वचित मिळते, आणि ‘बाळ हवे असेल तर सोडा’ या एकाच वाक्यावर ती वाया घालवली जाते.

त्या वाक्यात आणखी एक सापळा आहे. सोडण्याचे एकमेव कारण बाळ असेल, तर चक्र अयशस्वी झाल्याच्या संध्याकाळी ते कारणच उरत नाही. गर्भरोपणानंतरचे दोन आठवडे एका रक्ततपासणीकडे डोळे लावून काढायचे, मग फोनवर ‘निगेटिव्ह’ ऐकायचे, आणि ज्याच्यासाठी सिगारेट दूर ठेवली तेच हाती नाही, हे उमजायचे. अशा वेळी हात पुन्हा पाकिटाकडे जातो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. यश आले तरी बाळंतपणानंतर पुन्हा सुरुवात होणे फार सर्रास घडते, कारण तेव्हाही ‘काम’ झालेले असते.

‘या दिवसांत ताण इतका असतो की सिगारेट सोडायला सांगणे क्रूरपणाचे आहे’ असा युक्तिवाद सहृदय माणसेही करतात. ताण खराच असतो. पण सिगारेटने जो हलकेपणा वाटतो, त्याचा मोठा भाग निकोटिनच्या तुटवड्याने आलेली बेचैनी तात्पुरती शमण्याचा असतो. निकोटिनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, बेचैनी पुन्हा डोके वर काढते आणि पुढची सिगारेट तिच्यावर उतारा म्हणून येते. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात, सिगारेट सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे दिसले. पहिले काही आठवडे चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता हे भोगावे लागते. म्हणूनच ते आठवडे कोणते असावेत, याचे नियोजन डॉक्टरांनी रुग्णाबरोबर बसून करायला हवे. इंजेक्शने सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ‘आता बंद करा’ म्हणण्याला नियोजन म्हणत नाहीत.

सार्वजनिक पैशांतून उपचार देणाऱ्या काही देशांनी अटीचा मार्ग धरला आहे. स्कॉटलंडमध्ये सरकारी खर्चाने आयव्हीएफ मिळवण्यासाठी जोडप्यातील दोघांनीही उपचारांपूर्वी किमान तीन महिने धूम्रपानापासून दूर असणे आवश्यक असते. इंग्लंडमधील अनेक स्थानिक आरोग्ययंत्रणांनी असेच निकष लावले आहेत, आणि न्यूझीलंडमध्येही सरकारी उपचारांच्या पात्रतेत धूम्रपानाचा विचार होतो. या अटींच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. निधी मर्यादित आहे, प्रतीक्षायादी लांब आहे, यशाची शक्यता निम्म्यावर येत असेल तर तोच पैसा अधिक शक्यता असलेल्या जोडप्यासाठी का वापरू नये, आणि जन्माला येणाऱ्या बाळाच्या हिताची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर नाही का, हे त्यांचे प्रश्न आहेत. तीन महिन्यांच्या मुदतीलाही जैविक आधार आहे. बीजपुटकाच्या वाढीचा शेवटचा टप्पा साधारण तेवढाच असतो, आणि पुरुषाच्या शरीरात नवे शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायलाही जवळपास तितकाच काळ लागतो.

तरीही नुसती अट मला मान्य नाही, आणि त्याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. ती तपासता येत नाही. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड फार तर आदल्या दिवसाबद्दल सांगतो. लघवीतील किंवा रक्तातील कोटिनीन काही दिवसांबद्दल. तीन महिन्यांबद्दल त्या बाईचा शब्दच धरून चालावे लागते. मग जी खरे बोलते ती रांगेच्या मागे जाते आणि जी तपासणीच्या आदल्या आठवड्यापुरती थांबते ती पुढे जाते. दुसरे कारण न्यायाचे. श्रीमंत देशांत धूम्रपान आज मुख्यतः कमी उत्पन्नाच्या वर्गात एकवटले आहे. सरकारी उपचारांची गरजही त्यांनाच अधिक असते. पैसेवाली स्त्री तीच सिगारेट ओढून खासगी रुग्णालयात उपचार घेते, तिला कोणी विचारत नाही. तिसरे कारण वेळेचे. तीन महिने हा काळ अडतिसाव्या वर्षीही सोसण्यासारखा असतो, पण तीन महिन्यांत न जमल्यास पुढचे तीन, मग वर्ष, असे होऊ लागले की वयाने होणारे नुकसान सिगारेट सोडण्याच्या फायद्याला ओलांडून जाऊ शकते. लठ्ठपणाच्या बाबतीत असा एक धडा हाताशी आहे. नेदरलँड्समधील ५७७ स्त्रियांच्या चाचणीत उपचारांपूर्वी सहा महिने वजन घटवण्याचा कार्यक्रम राबवला गेला, आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आले ते असे की, एकट्या निरोगी बाळाच्या नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण त्या गटात वाढले नाही, उलट थेट उपचार सुरू केलेल्यांपेक्षा कमीच भरले. सिगारेट आणि वजन यांची तुलना ताणण्यात अर्थ नाही, पण ‘आधी सुधारा, मग उपचार’ हे धोरण दिसते तितके निरुपद्रवी नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

मदतीसह घातलेली, मुदतबंद अट मात्र वेगळी. दवाखान्याने पहिल्याच दिवशी समुपदेशक आणि औषध दिले, तपासण्या चालू असतानाच सोडण्याचा प्रयत्न सुरू केला आणि त्यासाठी उपचार दोन-तीन महिने पुढे ढकलले, तर मला त्यात अन्याय दिसत नाही. ती मुदत संपल्यावरही सिगारेट सुटली नसेल, तर जोखीम स्पष्ट शब्दांत सांगून, ते कागदावर नोंदवून उपचार सुरू करावेत आणि सोडवण्याचा प्रयत्न बरोबरीने चालू ठेवावा. तंबाखूचे व्यसन हा वैद्यकाने मान्य केलेला आजार आहे; मधुमेही स्त्रीला ‘साखर आटोक्यात आणून या’ असे सांगून इन्सुलिनविना घरी पाठवणारा डॉक्टर आपल्याला चालेल का?

पुरुषाचा विचार केल्याशिवाय तर हा विषय मांडताच येत नाही. जगभर तंबाखू ओढणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य आहेत, त्यामुळे वंध्यत्वाच्या दवाखान्यातील अनेक स्त्रियांच्या बीजपुटकातला धूर त्यांचा स्वतःचा नसतो. कॅनडातील हॅमिल्टन येथे झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः धूम्रपान करणाऱ्या आणि धूम्रपान करणाऱ्या जोडीदाराबरोबर राहणाऱ्या स्त्रियांचे आयव्हीएफमधील गर्भधारणेचे प्रमाण जवळजवळ सारखे, सुमारे २० टक्के, निघाले. धुरापासून दूर असलेल्या स्त्रियांत ते ४८ टक्के होते. अभ्यास लहान होता, पण त्याची दिशा इतरत्रही दिसते. पुरुषाच्या स्वतःच्या बाजूने पाहिले, तर ५,८६५ पुरुषांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात धूम्रपानामुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटल्याचे आढळले. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत दुसऱ्याच्या धुराचा धोका स्त्रीला आणि वीर्यावरील परिणाम पुरुषाला सांगावा, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात मात्र सल्ला तिला मिळतो, आणि तो जिन्याखाली जाऊन एक ओढून येतो.

मग दवाखान्याने करायचे काय? विचारणा दोघांना वेगवेगळ्या खोलीत, परिचारिकेने किंवा समुपदेशकाने करावी. ‘तुम्ही धूम्रपान करता का’ या प्रश्नाला नकार देणे सोपे असते. ‘गेल्या महिन्याभरात शेवटची सिगारेट कधी ओढली, घरात किंवा कामावर आजूबाजूला कोण ओढते’ या प्रश्नांना खरे उत्तर येण्याची शक्यता जास्त. उत्तराचा उपचार मिळण्याशी संबंध नाही, हे आधी सांगावे. ‘होय’ आले की त्याच भेटीत उपचार सुरू व्हावेत. कोणाच्याही मदतीशिवाय सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. समुपदेशन आणि औषध यांची जोड मिळाली की हे प्रमाण कितीतरी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडवण्याच्या उपचारांवरील आपली पहिली मार्गदर्शिका २०२४ मध्ये काढली आणि तीत निकोटिनची पर्यायी रूपे, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन आणि सायटिसिन यांची शिफारस केली.

या औषधांबाबत वेळेचा एक मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दिवस राहिल्यावर यांतली बरीच औषधे वापरायला डॉक्टर कचरतात आणि पर्याय अगदी तोकडे उरतात. वंध्यत्वाच्या तपासण्या चालू असतानाचा, अजून गर्भधारणा न झालेला काळ हाच ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरून पूर्ण करण्याचा काळ असतो. अचानक दिवस राहिलेल्या स्त्रीला हा अवधी मिळत नाही. हिला तो मिळालेला असतो.

या स्त्रियांची तयारी नसते, असेही नाही. कॅनडातच वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, धूम्रपान सोडून टिकून राहिलेल्यांचे प्रमाण वर्षभरात ४ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले. गंमत अशी की खास तयार केलेला कार्यक्रम मिळालेला गट आणि नेहमीची माहिती मिळालेला गट, दोघांतही हा बदल सारखाच झाला. माझ्या मते याचा अर्थ असा की माहिती देणे आणि पुन्हा पुन्हा विचारत राहणे एवढ्यानेही इथे काम होते. आणि उरलेल्या तीन-चतुर्थांश स्त्रियांसाठी तेवढे पुरत नाही, हेही तोच आकडा सांगतो. औषधांची आणि दीर्घ पाठपुराव्याची गरज त्यांना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये वंध्यत्वावरील पहिली मार्गदर्शिका जाहीर करताना गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्यांसाठी तंबाखू सोडण्याचा समावेश केला, ही चांगली गोष्ट झाली. शिफारस कागदावर राहू नये म्हणून प्रजनन केंद्रांनी यशाच्या टक्केवारीबरोबर, येताना धूम्रपान करणाऱ्या किती स्त्री-पुरुषांना सोडण्यासाठी उपचार दिले आणि वर्षभराने किती जण टिकले, हेही जाहीर करावे, असे मला वाटते. आज केंद्रे एकमेकांशी स्पर्धा करतात ती केवळ गर्भधारणेच्या आकड्यावर, आणि ज्याची मोजदाद होत नाही त्यासाठी माणूस नेमला जात नाही.

वर्षभराचा हा पाठपुरावा मूल न होता उपचार थांबवणाऱ्या जोडप्यांसाठीही असला पाहिजे. सध्या शेवटचे चक्र फसले की फाइल बंद होते आणि त्यानंतर केंद्राकडून फोन येत नाही. सदतीस-अडतीस वर्षांच्या त्या स्त्रीने उपचारांसाठी म्हणून सिगारेट सोडलेली असते, आणि चाळिशीच्या आत ती सुटलेली राहिली तर तिच्या आयुष्याची जवळपास दहा वर्षे वाचण्यासारखी असतात. एक महिन्याने, तीन महिन्यांनी आणि वर्षाने तिला फोन करण्याचे काम केंद्राच्याच समुपदेशकाकडे द्यावे, आणि त्याचा खर्च उपचारांच्या मूळ खर्चातच धरावा.